खताचं नंतर बघू, आधी कात्री काढा

दिवाळी झाली की या सदराच्या टपालात गुलाब सुरू होतात. यंदाही अर्ध्याच्या वर पत्रं गुलाबाचीच आहेत आणि त्यातली बरीचशी "कोणतं खत घालू?" इथे येऊन थांबतात. म्हणून या वेळी फक्त गुलाब. पहिलं पत्र जरा लांब आहे पण तसंच छापतेय, कारण बाकीच्यांना जे विचारायचंय त्यातलं बरंचसं त्यात आलंय.

ताई, सादर नमस्कार. रामबागेत आमचं जुनं घर आहे, सासऱ्यांनी हौसेनं गुलाब लावले होते, तीसेक झाडं असतील. ते गेल्यावर सासूबाई नणंदेकडे पुण्याला गेल्या, आम्ही नोकरीमुळे बाहेरगावी, घर बंदच होतं. आता परत राहायला आलोय तर बागेत पाय ठेवायला जागा नाही. काही झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत, खाली नुसत्या काळ्या काड्या आणि शेंड्याला दोन फुलं, मधे गाजरघास, दूब, आणि कुठलीतरी वेल सगळ्यांवर चढलीय. माळीबाबा म्हणतात सगळं एका वितीवर कापा, मुळं उघडी करून दहा दिवस ऊन दाखवा आणि मग खाद भरा. शेजारचे काका म्हणतात इतकी जुनी झाडं कामाची नाहीत, उपटा आणि नर्सरीतून नवी आणा. यजमान म्हणतात तुला काय करायचं ते कर. सासऱ्यांच्या हातची झाडं आहेत हो, उपटवत नाहीत. एक भगवट-लाल रंगाचं आहे, एक मोठं पिवळं, कडा गुलाबी होणारं, ती दोन तर वाचायलाच पाहिजेत. नोव्हेंबर लागला, उशीर तर नाही झाला? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उशीर अजिबात नाही. आपल्या मालव्यात गुलाबाची छाटणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालते. पाऊस संपलेला असतो, रात्री गार व्हायला लागतात, दुपारचं ऊन अजून असतं, त्यामुळे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब फुटायचे उंचवटे, पटकन फुटतात. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण 45 ते 50 दिवस धरा. या पंधरवड्यात कापलंत तर नाताळच्या आसपास फूल, महिनाअखेरीला कापलंत तर जानेवारीत, फरक एवढाच. तेव्हा घाई नको, तुमच्या बागेत मला उशिरापेक्षा घाईचीच भीती जास्त वाटतेय.

काकांचं आत्ता ऐकू नका. जी झाडं काही वर्षं कुणी पाणी न घालता, कुणी न बघता जगली, त्यांची मुळं खोल गेलेली आहेत, ती नर्सरीच्या पिशवीतल्या रोपाला यायला बराच काळ जाईल. आणि भगवट-लाल म्हणताय ते बहुतेक सुपर स्टार असणार, 1960 चं जर्मन वाण, एके काळी ज्याच्या त्याच्या बंगल्यात असायचं. पिवळं, कडेला गुलाबी होणारं, ते पीस असावं, फ्रान्सच्या मेयाँ यांचं, महायुद्ध संपता संपता 1945 मध्ये त्याला हे नाव मिळालं. फूल बघितल्याशिवाय खात्रीनं सांगत नाही, पण असतील तर सासऱ्यांची निवड पक्की होती.

आता काम. पहिल्या दिवशी गुलाबाला कात्री लावूच नका, फक्त आजूबाजूचं साफ करा. आत हात घालायच्या आधी लांब काठीनं सगळं हलवून घ्या, बंद घराच्या बागेत साप, विंचू, गांधीलमाशीचं पोळं काहीही असू शकतं. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, जाड हातमोजे, आणि टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलंय ते एकदा आठवा. गाजरघास उपटताना तोंडाला रुमाल बांधा, खूप जणांना तिची अ‍ॅलर्जी असते, आणि बी गळायच्या आत काढा नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेवढीच. वेल मात्र ओढून काढू नका, काट्यात अडकून चांगल्या फांद्या मोडतात. ती बुडाशी कापून टाका, वरचा भाग वाळला की आपोआप सुटतो. दूब आणि मोथा खुरपीनं मुळासकट काढायचा. तणनाशक मारायचा मोह होईल, पण गुलाबाच्या हिरव्या सालीवर त्याचे शिंतोडे उडाले तरी झाड ते शोषतं, म्हणून नकोच. हे सगळं वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना करा. आपली काळी माती ओली असली की चपलेला किलोकिलोनं चिकटते आणि वाळली की कुदळ उडते, मधले दोनतीन दिवस काय ते सापडतात. एकदा हलकं पाणी देऊन दोन दिवस थांबलात तर वाफसा येतो.

साफ झालं की झाड नुसतं बघा. प्रत्येकाच्या बुडाशी बसून बघायचं, वरून नाही. तुम्हाला तीन तऱ्हेच्या फांद्या दिसतील. एक, मेलेल्या, काळ्या-तपकिरी, नखानं साल खरवडली तर आत हिरवं काहीच नाही. दुसऱ्या जुन्या, करड्या, साल तडकलेली, जिवंत आहेत पण वर जाऊन बारीक काड्या आणि छोटी फुलं देतायत. तिसऱ्या नव्या, हिरव्या किंवा लालसर, गुळगुळीत, बुडापासून सरळ आलेल्या. या तिसऱ्या म्हणजे तुमची पुढची बाग. काही झाडांना अशी एकच असेल, काहींना एकही नसेल.

आता कापा. मेलेलं सगळं आधी, अगदी बुडापर्यंत. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या आत वळलेल्या फांद्या, त्याही जातील. इतकं केल्यावर निम्मं झाड गेलेलं असेल आणि पोटात गोळा येईल, येऊ द्या. मग जुन्या करड्या फांद्यांपैकी सगळ्यात थकलेली एक किंवा दोन बुडातून काढा, सगळ्या नाही. उरलेल्या चार-पाच चांगल्या फांद्या मांडीच्या उंचीवर, म्हणजे साधारण दोन-अडीच फुटांवर आणा. कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या वर पाव इंच सोडून तिरका काप द्यायचा, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. काप दिल्यावर आतला गाभा बघायचा. पांढरट हिरवा असेल तर बस, तपकिरी असेल तर अजून खाली, पांढरा दिसेपर्यंत खाली. या एका गोष्टीत कंजुषी करू नका, कारण आपल्याकडे जुने गुलाब मरतात ते बहुतेक डायबॅकनं, बुरशी कापातून शिरते आणि फांदी वरून खाली वाळत जाते.

माळीबाबा म्हणतात तसं एका वितीवर का नको? तरुण झाड सहन करतं, जोमानं फुटतंही. पण इतक्या जुन्या लाकडावर खाली जिवंत डोळे असतीलच असं नाही, आणि नसले तर झाड परत येत नाही. म्हणून जुन्या फांद्या थोड्या थोड्या, दोनतीन हिवाळ्यांत काढायच्या. यंदा एक-दोन, बुडातून नवी फांदी आली की पुढच्या वर्षी आणखी. भिंतीवर चढवलेलं एखादं वेली गुलाब असेल तर त्याला हा नियम लावू नका. त्याच्या लांब फांद्या तशाच ठेवून आडव्या बांधा, आडवी केली की प्रत्येक डोळ्यातून फुलाची काडी येते. फक्त बाजूच्या छोट्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर कापा.

मुळं उघडी करून ऊन दाखवायची पद्धत जुनी आहे, ती वेडेपणाची आहे असं मी म्हणणार नाही, पावसात घट्ट बसलेली माती मोकळी व्हावी आणि झाडाला जरा विश्रांती मिळावी हा त्यातला हेतू. पण दहा दिवस म्हणजे फार झालं. अन्नपाणी घेणारी बारीक पांढरी मुळं या दिवसांतल्या कोरड्या वाऱ्यात दोन दिवसांत सुकतात. वरची चार बोटं माती फूटभर गोलात हलक्या हातानं मोकळी करा, तेवढं पुरे. माळीबाबांना नाराज करू नका, मोकळी करायचं काम त्यांनाच द्या.

आणि खत आत्ता नाही! पानंच नाहीत तर झाड खाणार काय. छाटणी झाल्या दिवशी संध्याकाळी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम घेऊन सगळ्या फांद्या आणि बुंधे ओले होतील असं फवारा, खाली पडलेलं एकूण एक पान उचला. दोन-तीन आठवड्यांनी कोंब इंचभर झाले की मग झाडाला अर्धी तगारी (घमेलं) चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ सुपर फॉस्फेट, मातीत मिसळून वर वाळलेल्या पानांचं आच्छादन. ताजं शेण अजिबात नको, त्यानं हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

जानेवारीत तुम्हाला कळेल कोणती झाडं खरोखर थकलीत. ती काढायची तेव्हा काढा, काकांचं तेव्हा ऐकू.

छाटणीनंतर कापलेल्या जागी काय लावायचं? आई हळद लावते, माळी शेण लावतो, एका ओळखीच्यांनी नेलपॉलिश सांगितलं. — वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

बारीक फांदीला काही लावायची गरज नाही, धारदार कात्रीचा स्वच्छ काप आपला आपण भरतो. बोटाएवढ्या किंवा त्याहून जाड कापाला बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवा, गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओतून जुन्या ब्रशनं लावा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंड-पितळ नको. झालं की नाही बघायला चाकूचं पातं मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवा. इतका खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड थोड्या पाण्यात कालवून लेप करा. शेण नकोच. हळदीनं नुकसान नाही, आईंना लावू द्या पण ती सुकल्यावर वरून हा लेप द्या. आणि कात्रीचं पातं प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, मी तर म्हणेन लेपापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

याच वेळी बुंध्यावर नीट बघा, तांबूस-भुरकट छोटे खवले चिकटलेले दिसले तर ती खवले कीड आहे, साल वाटते म्हणून लक्षातच येत नाही. जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून घासून काढा. छाटणीनंतर झाड उघडं असतं म्हणून हे काम आत्ताच जमतं, नंतर पानं आली की हात जात नाही.

आमचा लाल गुलाब तीन-चार वर्षं छान फुलला, आता झाड भरभरून वाढलंय, पानं हिरवीगार, पण लाल फूल नाही. मार्चमध्ये झुबक्यानं छोटी पांढरी फुलं येतात, बस. रंग बदलला का? — वाचक, साउथ तुकोगंज

रंग बदलला नाही, झाडच बदललंय! नर्सरीतला गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या बुडख्यावर, चांगल्या वाणाचा डोळा बसवून केलेला असतो. कलमाच्या जोडाखालून खुंटाचे स्वतःचे फुटवे आले आणि ते वेळीच काढले नाहीत तर सगळं अन्न तेच खातात आणि वरचा लाल गुलाब हळूहळू मरतो. तुमच्याकडे तो बहुतेक गेलाच आहे. तरी एकदा बुडाशी माती उकरून जोडाची गाठ शोधा, गाठीच्या वरून एखादी फांदी जिवंत असेल तर आशा आहे. खालून आलेले सगळे फुटवे मुळाशी जाऊन खाली ओढून तोडा, कात्रीनं कापलेत तर एकाचे चार येतात. ओळखायचे कसे, तर रंग फिकट, काडी लांब आणि लवचिक, आणि एका देठाला बहुतेक सात किंवा जास्त छोटी पानं. पण नुसती पानं मोजून कापू नका, काही चांगल्या वाणांनाही सात येतात. फुटवा कुठून निघालाय ते बघणं हीच खरी खूण. गाठीच्या वर काहीच उरलं नसेल तर मन घट्ट करून काढा, आणि त्याच खड्ड्यात लगेच नवा गुलाब लावायचा तर माती दीड फूट खोल बदलून घ्या.

रामबागेच्या ताईंनीही हे वाचावं, बंद बागेत असे फुटवे हमखास असतात आणि "वा, हे किती जोमदार" म्हणून आपण नेमके तेच ठेवतो.

गच्चीवर गमल्यात गुलाब आहेत. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. अंड्याची टरफलं, केळाच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा सगळं घालतेय, फरक नाही. — वाचक, सुदामानगर

पिवळं नवं पान, हिरव्या शिरा, ही लोहाची कमतरता. मातीत लोह नाही असं नव्हे, ते झाडाला मिळत नाही, कारण आपली काळी माती मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी, त्यात बोरिंगचं जड पाणी. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतंय पण ते प्यायला, झाडांना बहुतेक घरांत बोरिंगच. आणि तुम्ही वर अंड्याची टरफलं म्हणजे आणखी चुना घालताय! ती आधी बंद करा. केळाच्या सालीनं बिघडत काही नाही, होतही फारसं नाही. चहाचा चोथा धुऊन, थोडाच.

लगेचचा उपाय म्हणजे चिलेटेड लोह, पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, आपल्यासारख्या मातीत तेच टिकतं. ते न मिळाल्यास हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 2-3 ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा आणि आठवड्यानं पुन्हा. पण खरं काम गमल्याचं आहे. छाटणी केलीत की झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा, कडेची माती झाडा, तळाची भोकं बुजली असतील ती उघडा, आणि नवीन मिश्रणात काळी माती एक तृतीयांशाहून जास्त नको, बाकी कुजलेलं पानखत, शेणखत आणि जाड वाळू. गमला 12 इंचांपेक्षा लहान असेल तर बदला. पावसाचं पाणी साठवता आलं तर पुढच्या वर्षी ही तक्रार निम्म्यानं कमी होईल.

आम्ही ग्वाल्हेरला असतो. इंदूरच्या तारखा आम्हाला चालतील का? गेल्या हिवाळ्यात छाटणीनंतर आलेले कोंब करपले. — वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

तुमची थंडी आमच्यापेक्षा कडक आणि धुकं कितीतरी जास्त, म्हणून तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकायला हवं. कोंब डिसेंबरच्या कडाक्याआधी जरा कडक झालेले असले की करपत नाहीत. यंदा वेळ गेली असेल तर हलकी छाटणी करा, मेलेलं काढा आणि शेंडे खुडा, एवढंच. धुक्याच्या दिवसांत संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. भुरी दिसली, म्हणजे कोवळ्या पानांवर पिठासारखं पांढरं, तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम. पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडण्याची भीती असेल त्या रात्रीच्या आधी दुपारी मातीला पाणी द्या, ओली माती रात्री जरा ऊब धरते.

छाटलेल्या फांद्यांचा ढीग झालाय. जाळू का? आणि त्यातून कलमं होतील का? — वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

जाळू नका, धुराचा त्रास शेजाऱ्यांना आणि वर दंडाची भीती. काळे ठिपके पडलेली पानं, डायबॅकच्या काड्या, खवले लागलेले बुंधे हे वेगळं बांधून कचरागाडीत द्या, घरच्या खतात नको, घरच्या ढिगात तेवढी उष्णता होत नाही आणि रोग परत बागेत येतो. निरोगी पाला, गवत (बी नसलेलं) आणि बारीक काड्या तुकडे करून खताला चालतील. हे तर आपल्या गावचंच शास्त्र आहे, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथेच अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख थरांनी रचून, अधूनमधून उलटून तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली, जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. इंदूरकरांनी खताची पिशवी विकत आणायची म्हणजे जरा गंमतच. गुलाबाच्या जाड काड्या मात्र कुजायला फार वेळ घेतात आणि काटे हाताला लागतात, त्या वगळा.

कलमं होतात, पण सगळ्यांची सारखी नाही. देशी गुलाब, वेली गुलाब आणि झुबक्याचे गुलाब सहज लागतात, एका काडीला एकच मोठं फूल देणारे हायब्रिड टी कमी लागतात आणि लागले तरी स्वतःच्या मुळावर सावकाश वाढतात. पेन्सिलीएवढी जाड, ज्यावर नुकतंच फूल येऊन गेलंय अशी काडी घ्या, सहा ते आठ इंचांची, खाली डोळ्याच्या लगेच खालून सरळ काप आणि वर तिरका, म्हणजे उलटी लावली जाणार नाही. वरचं एखादं पान ठेवून बाकी काढा. निम्मी वाळू, निम्मं पानखत अशा मिश्रणात दोन डोळे मातीत जातील इतकी खोचा, सावलीत ठेवा, माती ओलसर पण चिखल नाही. आठ-दहा दिवसांत कोंब आला म्हणून आनंदून ओढून बघू नका, तो काडीतल्याच साठ्यावर येतो, मुळं फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. उन्हाळाभर गमल्यातच, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा, जमिनीत लावायचं ते पहिले एक-दोन पाऊस झाल्यावर.